माती नव्हे, माहिती

विश्व कशाचं बनलं आहे हे ज्याला पक्कं ठाऊक होतं असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो कळमनुरीच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत असे. ते माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा. मी हिंगोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. अणू, रेणू, मूलद्रव्यं या मंडळींच्या जिवावर माझं घर चालतं. लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत मामांनी मला बाजूला घेतलं तेव्हा नोकरीबद्दल, शेतीबद्दल काहीतरी विचारतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी विचारलं, दुनिया कशाची बनलेली आहे? मी पुस्तकातलं उत्तर दिलं. ते त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि नापास झालेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा माझ्या पाठीवर हात ठेवला. "जावईबापू," ते म्हणाले, "दुनिया मातीची न्हाई. माहितीची हाय."

पुरावा त्यांच्या शर्टाच्या खिशातच असे: तुरीचा एक दाणा आणि सरकीचं एक बी. समोरच्याच्या तळहातावर दोन्ही ठेवून ते सुरुवात करत. माती एकच, पाणी एकच, ऊन एकच. मग एकाला तूर हो आणि दुसऱ्याला कापूस हो, हे सांगतं कोण? दाण्यात जो हुकूम लिहिलेला असतो तो. बाकी मातीपाणी म्हणजे नुसते हुकमाचे ताबेदार. आणि जे दाण्याचं, तेच डोंगराचं, ढगाचं, चांदण्यांचं. एकदा आमच्या घरी सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी पंचमहाभूतांचा उल्लेख केला आणि मामांनी पूजा थांबवून सहाव्याची आठवण करून दिली. गुरुजी समजूतदार होते, सहावं तर सहावं म्हणाले. पण मामांचं समाधान झालं नाही. माहिती सहावी नसून पहिली आहे हे कबूल करून घेतल्यावरच त्यांनी प्रसादाला हात लावला.

अशा माणसाला चौकशीच्या खिडकीत बसवणं म्हणजे वासराला हिरव्या गवतात सोडणं. कुणी येऊन सेनगावची गाडी कधी आहे एवढंच विचारलं, तर त्याला गाडीची वेळ कळेच. शिवाय या वेळेला ऊन कुठल्या बाजूनं लागतं, मागच्या चाकावरच्या सीटवर कंबरेचं काय होतं आणि आज ड्रायव्हरच्या घरी पाहुणे असल्यामुळे तो जरा घाईत का असेल, हेही कळे. हट्टा गावाला निघालेला एक गृहस्थ ही सगळी माहिती ऐकत उभा राहिला आणि त्याची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेली. तो चिडून खिडकीशी परत आला. मामांनी त्याला शांतपणे समजावलं की काही बिघडलेलं नाही, पुढच्या गाडीची समदी माहिती तर आता त्याच्याकडं आहेच. पण एक मात्र खरं, अंदाजानं त्यांनी कधी कुणाला काही सांगितलं नाही. ठाऊक नसलं की माणसाला बाकावर बसवत आणि स्वतः उठून विचारून येत.

या सिद्धान्ताला उभ्या जिल्ह्यात एकच विरोधक होती, आणि ती त्यांच्याच घरात होती. मामी. तिचं मत असं, की ज्याला भाकरी थापावी लागत नाही त्यालाच दुनिया माहितीची वाटते. एका दुपारी मी जेवायला होतो आणि मामांचं प्रवचन काही केल्या संपेना. मामीनं त्यांच्यापुढं रिकामं ताट ठेवलं आणि समोर बसून ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा असं सगळं नीट सांगितलं. मग म्हणाली, "मिळाली का माहिती? उठा आता." मामांनी रिकामं ताट जरा जवळ ओढलं. मग हळूच म्हणाले की माहिती पोटापर्यंतही पोचायला पाहिजे. मामी हसली आणि वाढायला उठली. हा किस्सा मी कितीतरी वर्षं शाळेत सांगत आलो.

मामा निवृत्त झाले आणि नंतर काही वर्षांनी मामी गेली. थोड्या दिवसांच्या आजाराचं निमित्त झालं, आणि गेली. तेरावं झाल्यावर मामांनी एक लांबलचक वही आणली. माणूसही माहितीचाच बनलेला असेल, तर ती सगळी गोळा केली की माणूस राहतो, असं त्यांनी मला इतक्या सरळपणे सांगितलं की मला वाद घालवेना. ते जीपनं सेनगावकडं तिच्या माहेरी गेले, हट्ट्याला तिच्या बहिणीकडं गेले. जन्मभर उत्तरं देत बसलेला माणूस आता दारोदार प्रश्न विचारत फिरत होता. लोक ओशाळत, पण सांगत. ती कढीत मेथ्या जास्त घाले. लहानपणी विहिरीला घाबरे. रडली की तिचं नाक आधी लाल होई. मामा सगळं लिहून घेत आणि खाली सांगणाऱ्याचं नाव घालत.

कळमनुरीजवळच्याच एका बंजारा तांड्यावर एक म्हातारी भेटली. तिनं सांगितलं की मामी दर रविवारी तिच्याकडं येऊन बसायची. आरसे लावलेलं भरतकाम तिथंच शिकली, आणि बसता उठता तांड्याची बोलीही शिकली. अशी बोलायची की नवख्याला वाटावं, तांड्याचीच लेक. मामा रविवारी ड्युटीवर असत. त्या दिवशी त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. मला नंतर म्हणाले, "चाळीस वर्सं मी गावोगावची खबर देऊन राहिलो. अन् घरातलं माणूस दुसरी बोली बोलतंय, हे मला ठाऊक न्हाई."

वही भरली तेव्हा ती घेऊन ते हिंगोलीला आमच्याकडं आले. दुपारची वेळ होती. वही टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं की तुमचं शास्त्र काय म्हणतं, कागद जळाला की त्याच्यावरची अक्षरं कुठं जातात? मी सांगितलं की पुष्कळ शास्त्रज्ञांच्या मते ती माहिती तत्त्वतः नष्ट होत नाही; धुरात, राखेत, उष्णतेत विखुरलेली असते. फक्त ती परत जुळवणं कुणाला शक्य नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदाच माझं शास्त्र त्यांच्या बाजूनं बोलत होतं, पण त्यांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही.

"तिची माहिती लोकांजवळ होती, ती मी आणली," ते म्हणाले. "पण माझी माहिती तिच्याजवळ होती. मी कसा हाय, ते तिलाच ठाऊक होतं. ते आता कुणाला विचारू?"

माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मामी सांगायची, आमचे हे रागावले की माझ्याशी बोलत न्हाईत. गोठ्यात जाऊन गाईला माझी तक्रार सांगतात. मी भिंतीआडून समदं ऐकते."

मामा चांगलेच लाजले. या वयाचा माणूस इतका लाजलेला मी पाहिला नव्हता. मग खुर्ची तिच्याकडं वळवून त्यांनी विचारलं, "आनखी काय म्हणायची?"

तेव्हापासून ते दर पंधरा दिवसांनी आमच्याकडं येतात, वही न आणता. बायको त्यांना मामीनं त्यांच्याबद्दल सांगितलेलं काहीतरी एक सांगते. एकदोन गोष्टी तर माझ्याही कामाच्या निघाल्या. पण भाचीच्या आठवणींनाही तळ असतो. गेल्या खेपेला तिला काही केल्या आठवेना, तेव्हा तिनं एक रचून सांगायला घेतली: मामी म्हणायची, ह्यांच्या चालण्याचा आवाज मी दहा माणसांत ओळखते, वळणावर ऐकू आला की तवा ठेवते.

मामांनी हातातला चहा खाली ठेवला.

"हे तिचं वाटत न्हाई," ते म्हणाले.

बायकोनं मान खाली घातली. मामा थोडे पुढं सरकून बसले.

"पण सांग, माय. तवा ठेवला, मग?"