जाता जाता एक विचारू?

डॉक्टरांचं तीस वर्षांचं निदान असं, की पेशंट खरं दुखणं खुर्चीत बसून सांगतच नाही. खुर्चीत तो सर्दी सांगतो. चिठ्ठी खिशात घालून उठतो, दाराच्या मुठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "डॉक्टर, जाता जाता एक विचारू?" मग लपवलेली गाठ निघते, नाहीतर बोलणं टाकलेला मुलगा निघतो. म्हणून चिठ्ठी दिल्यावरही डॉक्टर पेनाला टोपण लावत नसत.

आरोग्य योजनेच्या कंपनीला हे कुठून ठाऊक असणार? गल्लीतल्या निम्म्या घरांत तिची कार्डं होती. यंदाच्या करारात नवी अट आली: प्रत्येक पेशंटला आठ मिनिटं. आठ वाचून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मी काय इथे अंडी उकडतोय?"

"मग करू नका सही," बायको म्हणाली. बाहेरच्या टेबलावर नंबर लावायचं काम तिचं, म्हणजे दवाखान्याची खरी मालकीण तीच. "फक्त शिंपीणबाईंना तुम्हीच सांगा, दुसरा डॉक्टर शोधा म्हणून."

घोडं तिथेच अडलं होतं. योजनेला नावं ठेवण्यात डॉक्टर पटाईत, पण शिंपीणबाईंचं ऑपरेशन त्याच कार्डावर झालं होतं. सही नाही केली तर निम्मे पेशंट तुटणार, केली तर ते दाराशी घुटमळणं बंद होणार. डॉक्टरांना दोन्हींचं मनापासून वाईट वाटत होतं.

शनिवारी कंपनीचे साहेब जिना चढून आले, धापा टाकत. अटी समजावल्या. "सोमवारी कळवतो," डॉक्टर म्हणाले. साहेब उठले, बॅग घेतली, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि थबकले.

"डॉक्टर, जाता जाता एक विचारू?"

बाहेर बायकोने कसंबसं हसू दाबलं.

जिना चढताना हल्ली त्यांच्या छातीवर दडपण यायचं. घरी बोलले नव्हते. डॉक्टरांनी त्यांना झोपवून ईसीजी काढला, हळूहळू बोलतं केलं, हृदयाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि "आत्ताच्या आत्ता जायचं" असा दम भरून रिक्षात बसवलं. घड्याळाकडे फक्त बायकोचं लक्ष होतं. एक्केचाळीस मिनिटं.

तीन आठवड्यांनी करार पुन्हा आला. वर चिठ्ठी टाचलेली: 'स्टेंट बसला. जिना चढतो आता.' अट तीच होती, पण 'आठ मिनिटं'च्या आधी एक शब्द घुसला होता. सरासरी.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि झोकात सही ठोकली.

"साहेबांची एक्केचाळीस मिनिटं भरून काढायला सात तरी सर्दीवाले लागतील," बायको म्हणाली. "तेही तीन-तीन मिनिटांत आटपायचे."

"पाठव एकेक."

पहिला सर्दीवाला खरोखरच तिसऱ्या मिनिटाला उठला. दाराच्या मुठीवर हात ठेवला, आणि घुटमळला.

डॉक्टर खुशीत हसले. "या, बसा," ते म्हणाले. पेनाचं टोपण अजून टेबलावरच होतं.