नात शू करेपर्यंत

माझी नात पाच वर्षांची. तिची चड्डी सारखी ओली व्हायची, आणि घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, पोर आळशी आहे. तिचा बाप, म्हणजे माझाच मुलगा, तिला ओलीच पायरीवर उभी करायचा. येणारेजाणारे बघायचे. मी भांडायला गेले की म्हणायचा, "आये, तूच तिका लाडावून ठेवलंस."

पुढे तिला वरचेवर ताप येऊ लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवी उलटी किडनीकडे चढत असेल, शू करताना लघवीच्या पिशवीत दाब किती होतो तो नळी घालून मोजू, उशीर नको. तर माझा मुलगा उठून देवळात कौल घ्यायला गेला! आमच्या पेडण्याकडे काही अडलं की देवाला विचारतात. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. तपासणी राहिली.

देवावर माझा राग नाही हं. राग आला तो प्रश्नाचा. भर अंगणात मी त्याला म्हटलं, "पोरीक नळी घालू काय म्हणान इचारलंस, तिका पायरीर उभी करू काय ता कित्याक नाय इचारलंस?"

पुन्हा ताप चढला तेव्हा न्यावंच लागलं. आत सून आणि मी, मुलगा बाहेर. एक बारीक नळी लघवीच्या वाटेने, एक शीच्या वाटेने. पिशवीत हळूहळू पाणी भरलं. आता त्या नळ्यांसकट भोकाच्या खुर्चीवर बसून तिने शू करायची. कशी करणार, सांगा! समोर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, दार सारखं उघडतंय. ती रडली की पोट आवळायचं, कॉम्प्युटरवरची दाबाची रेघ उड्या मारायची.

"रडू नको ना, सगळं बिघडतंय!" त्यांतला एकजण तिच्यावर खेकसला. "नाहीतर पुन्हा नंबर लावा."

पुन्हा नंबर म्हणजे पुन्हा नळ्या. आणि तोवर किडनीने काय करायचं?

"तू बस बघू इथे, कर सगळ्यांपुढे!" मी म्हटलं.

"आजी, ओरडू नका," तो म्हणाला.

"ओरडणार! आधी बाहेर व्हा."

डॉक्टरीणबाईंनी घोळका बाहेर काढला, पडदा ओढला. तरी पोरीला शू होईना. सून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने झाली, अडखळत, थोडी थोडी.

बाईंनी माझ्या मुलाला आत बोलावलं. "दाब फार चढतोय. पिशवी जोर करते, पण तोंड सैल होत नाही. उरलेली लघवी मग गळते. हिच्या हातात काहीच नाही. औषध, आणि रोज नळीने लघवी काढायची. किडनी अजून वाचेल."

तो तिला उचलायला वाकला. ती मागे सरली. "नको बाबा, मी भिजलंय."

"उचल रे तिका!" मी ओरडले.

उचलली त्याने. शर्ट पुढून सगळा ओला झाला. सून रुमाल काढायला लागली, मी तिचा हात धरला. भिजू दे म्हटलं.