परदेशात गळा बसला तेव्हा

लिस्बनला पहिली थंडी पडते न पडते तोच माझा गळा बसला. गोवा घटकराज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. डिचोलीच्या शाळेत मी मुलांचं वृंदगान बसवत असे. तिकडचे लोक समूहाकडून चार सुरांत कसं गाऊन घेतात ते शिकावं म्हणून वर्षभराची रजा काढून गेलो होतो. निघताना माझं अख्खं नार्वे गाव बसपर्यंत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, गाणं बंद. आवाज परत येईलच असं सांगता येत नाही. आणि शिकणाऱ्यानं रोज वृंदात गायचं, हा तर तिथला नियम. म्हणजे मी हात हलवत परत जाणार. वृंद चालवणाऱ्यानं हात हलवत परतणं, गावाला हसायला बरंच झालं असतं.

तालीम एका इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, होई. तिथल्या गुरुजींचा निरोप घ्यायचा ठरवून त्या दुपारी मी लवकर जाऊन बाकावर बसलो. मनातल्या मनात आमच्या गावच्या सप्तकोटेश्वराला म्हटलं, शिक्षण अर्धवट टाकून जायचं असेल तर तूच तसं सांग, मला कळेनासं झालंय. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि तोंडातून "आवय गे" निघालं. मागच्या बाकावर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बसली होती. ती पुढे वाकून म्हणाली, "खंयचो रे पुता तूं?"

कुठला रे तू, असं कोकणीत विचारणाऱ्या त्या एका वाक्यानं मला रडू आलं. कुजबुजतच मी नार्व्याचं नाव सांगितलं. ती दिवाड बेटावरची निघाली. तुमचा देव आधी आमच्या जुव्यावर, त्या बेटावरच, होता, म्हणजे आपण शेजारीच, असं ती अगदी सहज म्हणाली. मी गळ्याचं सांगितलं, परत निघालोय तेही सांगितलं.

"मागीर ओगी राव," ती म्हणाली. "गावपी खूब आसात. तूं फकत उठून वचूं नाका."

गाणारे खूप आहेत, तू गप्प राहा, पण उठून जाऊ नकोस, हे ऐकून मला आमचा भजनी सप्ताह आठवला. तिथे ज्याचा गळा बसतो तो घरी जात नाही. झांज धरून बसून राहतो, आणि अभंग इतरांच्या गळ्यातून चालू राहतो. लहानपणापासून पाहिलेलं हे मला तिथे, इतक्या लांब, कुणीतरी सांगावं लागलं.

गुरुजींना मी विनवलं, नुसतं उभं राहू द्या. त्यांनी मान डोलावली. मग कित्येक आठवडे मी खर्जाच्या रांगेत मुका उभा होतो. स्वतःचा आवाज नसल्यामुळे इतरांचे श्वास ऐकू आले. एक श्वास घेतो तेव्हा शेजारचा सूर धरून ठेवतो. मी जे शिकायला गेलो होतो ते हेच होतं. वर्ष पुरं करूनच परतलो.

आवाज आला, पण पूर्वीचा नाही. मी त्याचं फारसं दुःख केलं नाही. घेणारा तो, ठेवणाराही तोच.

ती बाई मला पुन्हा दिसली नाही. परतल्यावर देवळात तिच्यासाठी नारळ ठेवला, तेव्हा देवाला गाऱ्हाणं घालायला पुजाऱ्यांनी तिचं नाव विचारलं. मी ते विचारलंच नव्हतं; दिवाडची आई, एवढंच सांगितलं. आता दर वर्षी पुजारी आपणहूनच म्हणतात, "दिवाडचे आवयक सुखी दवर, देवा," आणि माझे डोळे भरून येतात.