रिकाम्या सुईच्या सिस्टर

"हाय. हाय की कायतरी. बसा आधी."

दारात येऊन कुणी छातीवर हात ठेवला की सिस्टरांचं हे ठरलेलं वाक्य. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? ज्याला सहा महिने सगळ्यांनी "काही नाही हो तुम्हाला" म्हणून परत पाठवलंय, त्याला विचारा. परभणीच्या दवाखान्यात माझ्या छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल, काही नाही मॅडम, या गोळ्या घ्या. सासूबाई म्हणाल्या, काही नाही, उपास जास्त झालेत. आमचे हे म्हणाले, काही नाही, तू विचार फार करतेस. अहो, काहीच नाही तर एसटीत बसलं की माझं काळीज दावं तोडलेल्या वासरासारखं का पळतं? हात गार, तोंडाला कोरड, आणि आता मरते की मग, अशी अवस्था.

मी राणीसावरगावच्या शाळेत शिक्षिका आणि घर गंगाखेडला. रोजची एसटी. एका सकाळी भर गाडीत जीव इतका घाबरा झाला की मी ओरडून गाडी थांबवली आणि मधेच रानात उतरले. त्यानंतर एसटीत पाय ठेवणंच बंद. मग ह्यांनी मला मोटारसायकलवर न्यायला-आणायला सुरुवात केली. त्यापायी त्यांचं दुकान उशिरा उघडायचं, लवकर मिटायचं. एक दिवस जेवता जेवता हे म्हणाले, "असं किती दिवस चालायचं गं?" रागानं नाही हो, थकून. ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. सतरा वर्षांची नोकरी, पोरांना पाढे शिकवण्यापलीकडे मला दुसरं काही येत नाही.

पर्समधला तो कागद शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी पाहिला की माझं तोंड पाहिलं, देव जाणे. सुट्टी झाल्यावर त्यांनी मला हाताला धरून सिस्टरांकडे नेलं.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. गावातल्या निम्म्या लेकरांची नाळ त्यांनी कापलेली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, या हैदराबादला जाऊन रीतसर ॲक्युपंक्चर शिकून आल्या. घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, एक बाकडं, झाला दवाखाना.

आता आपल्याकडे सुई म्हणजे इंजेक्शन, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यामुळे सुरुवातीला मोठीच गंमत झाली. गुडघे धरून एक आजोबा आले. सिस्टरांनी सुई काढली तसं त्यांनी हात आडवा घातला.

"सिस्टर, अवशीद भरायचं राहिलं की!"

"काका, हिच्यात भरायचं नसतंय. ही रिकामीच टोचायची."

"मंग नुसतंच टोचायलाव का मला?"

आजोबा उठले ते थेट पारावर. सिस्टर लय म्हाताऱ्या झाल्या, सुई भरायचीच इसरायल्यात, ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. दुसऱ्या दिवशी दोन बायका हळहळत आल्या आणि आठवण राहावी म्हणून पावशेर बदाम देऊन गेल्या. हे सांगताना सिस्टरांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी यायचं. बदाम मात्र त्यांनी ठेवून घेतले होते.

माझ्या मनगटाच्या आतून त्यांनी तीन बोटं मोजली. तीही माझीच बोटं. "माझी बोटं लावून काय उपेग? माप ज्याचं त्याच्यापाशी असतंय." सुई केसासारखी बारीक.

"दुखेल का हो?"

"मुंगी चावल्यावानी. बाई, मुंगीला भेता का?"

एक मनगटात, एक दोन भुवयांच्या मधे, एक कानात. वीस मिनिटं हलायचं नाही. शेजारी त्या लसूण सोलत बसायच्या, एक शब्द न बोलता. खरं सांगू? लग्न झाल्यापासून कुणी मला काम न सांगता वीस मिनिटं माझ्याजवळ बसलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मला झोप लागली. जागी झाले तर सिस्टर म्हणतात, "बाई, तुमी घोरायलता आन शेजारची म्हैस तुमाला वो द्यायलती!"

"सुयांनीच बरं वाटतंय का हो मला?" मी एकदा विचारलं.

"काय की. कुणाला लय गुण येतोय, कुणाला काईच न्हाई. परभणीच्या डॉक्टरची गोळी मातर बंद करायची न्हाई, सांगून ठेवते. एका बैलाच्यानं वढवत नसलं तर दोन जुपावंत."

धडधड कमी झाली, रात्रीची झोप लागू लागली. एसटीचं मात्र नाव काढायचं नाही. सिस्टरही काढत नव्हत्या.

मग त्यांचे हात कापू लागले. ज्या दिवशी सुई धरवेना त्या दिवशी त्यांनी डबी मिटली आणि पुण्याच्या मुलाला स्वतःच फोन केला, मला न्यायला ये म्हणून. मला मेलीला पहिला विचार काय आला, तर आता माझं कसं होणार!

निघायच्या दिवशी मुलगा सामान घेऊन टेम्पोतून पुढे गेला. सिस्टरांना टेम्पोत मळमळतं, म्हणून त्या एसटीनं गंगाखेडचं रेल्वे स्टेशन गाठणार होत्या. शाळा सुटताना त्या फाटकापाशी उभ्या.

"बाई, गंगाखेडपस्तोर येता का माझ्यासंगं? मला भ्या वाटायलंय."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्यांचे ओठ वाळले होते. "अकराव्या मजल्यावर घर हाय त्याचं. खाली बघवतच न्हाई. तिथं मला कोण वळखतंय, बाई?"

मी ह्यांना फोन करून सांगितलं, मला घ्यायला येऊ नका. आणि गाडीत चढले. पायऱ्या चढताना कोण कुणाला धरत होतं कळत नव्हतं. गाडी सुटली तशी सिस्टरांनी डोळे गच्च मिटले. "काही नाही होत" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, मी ते गिळलं. त्यांचं मनगट हातात घेतलं आणि विचारलं, "लय भ्या वाटायलंय का?"

"लय."

"मलाबी," मी म्हणाले. मग आम्ही दोघी घाबरट बायका गंगाखेडपर्यंत एकमेकींचे हात धरून गेलो.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना दुकानात पाठवलं आणि स्टँडवर जाऊन उभी राहिले. राजीनामा फाडला. शाळेत पोचले की पुण्याला फोन.

"भ्या वाटलं का?"

"वाटलं."

"आन पोचलात?"

"पोचले."

"बरं. मी आज एकटीच लिफ्टनं खाली जाऊन आले."

वर्षभर असं चाललं. परवा शाळा सुटल्यावर गाडीत बसले होते, तोच त्यांच्या नंबरवरून फोन. बोलत होता मुलगा. आई सकाळी गेली, झोपेतच. गाडी तेवढ्यात सुटली. तोंडाला पदर लावून मी सगळी वाट रडले. कंडक्टरनं पाण्याची बाटली दिली. गंगाखेडला उतरले तेव्हा ध्यानात आलं की आज सबंध वाटेत एकदाही भीती वाटली नाही. एकदाही नाही!

सिस्टरांना सांगावं म्हणून मी फोन काढला.