घोडा की घोरा

"मेंदूत गाठ आहे," डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बघू?" साडी उलगडून दाखवा म्हणावं तसं. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. पण मला खरंच बघायचं होतं. एमआरआयच्या चित्रात डाव्या कपाळामागे एक ढगाळ डाग होता. वर्गात शिकवताना माझी वाचा मध्येच का बसायची, ते तेव्हा कळलं.

मी खारघरच्या शाळेत मराठी शिकवते. बोलणंच गेलं तर मी उरणार काय? मरणाची भीती नंतर वाटली, आधी ही वाटली.

डॉक्टरांनी 'अवेक क्रेनिओटॉमी' सुचवली. म्हणजे कवटी उघडायची आणि पेशंटला मध्येच जागं करून ऑपरेशन करायचं. मेंदूला स्वतःला दुखत नाही म्हणे! सर्जन जागोजागी बारीक करंट लावून बघतात, स्पीच थेरपिस्ट चित्रं दाखवते. नाव बरोबर आलं तर तिथली गाठ काढायची, अडखळलं तर तो भाग सोडायचा. आदल्या दिवशी चित्रांची उजळणी झाली. शिक्षिकाच मी, पैकीच्या पैकी मार्क घेतले.

टेबलावर जाग आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि डोकं चौकटीत घट्ट होतं. थेरपिस्ट मॅडमनी गाडीचं चित्र धरलं.

"गारी," मी म्हणाले. पुढचं चित्र. "घोरा."

मॅडमनी चित्र खाली घेतलं.

"सर, ड येत नाहीये," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मग थांबूया," सर्जनचा आवाज आला. "इथून पुढे रिस्क नको."

मी आगरी. माहेर बेलापूरच्या खाडीकडचं. नवरा साताऱ्याचा, त्यामुळे घरीदारी माझी भाषा पुस्तकी झालेली. पण गुंगीत जीभ थेट आईच्या ओटीवर जाऊन बसली होती, आणि तिथे ड चा र होतो. हे त्या थंडगार खोलीत कुणाला ठाऊक असणार? एका 'र'पायी गाठ आत राहणार, या विचाराने मला रडू फुटलं.

"अवो, चुकले नाय मी! आमचे घरान घोराच बोलतान." मग सगळी ताकद लावून म्हणाले, "पुस्तकात घोडा. घो-डा."

सर्जन मला म्हणाले, "मॅडम, मग दोन्ही सांगा. आधी घरचं, मग शाळेतलं."

डोला, डोळा. केली, केळी. गाठ निघत गेली. मग छत्रीचं चित्र आलं आणि काहीच सुचेना, ना घरचं, ना शाळेतलं. तिथे मात्र ते थांबले.

तपासणीत नाव कळलं, ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. मोठ्या माणसांत क्वचित होणारा, बहुधा हळू वाढणारा ट्यूमर. त्याच्या पेशींत दोन गुणसूत्रांचे तुकडे गायब असतात, आणि त्यामुळेच तो रेडिएशन-केमोला चांगली दाद देतो. काहीतरी हरवलेलं असणं ही चांगली बातमी असू शकते, याचं मला अजून नवल वाटतं.

"म्हणजे मी बरी झाले?" मी सर्जनना विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही. छोटा तुकडा आत आहे, त्याच्यावर नजर ठेवायची. पण पुष्कळ लोक बरीच वर्षं चांगली काढतात."

या सरळ उत्तराबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर आपण लहानपणी घरात कसं बोलायचो, ते ऑपरेशनआधी डॉक्टरांना नक्की सांगा.

रेडिएशन-केमो झालं. मी पुन्हा शिकवते. शब्द अजून अडतो, मग मुलंच तो सुचवतात.

आज पुन्हा एमआरआय.  मी दारात चपला घालत होते. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या लेकीला आगरी कळते, पण ती कधी बोललेली नाही. तिने खिडकीतून खाली वाकून पाहिलं.

"आई, चल. गारी आयली."

मी तिच्याकडे पाहिलं. पैकीच्या पैकी.