पगार कोणाचा

कागद भरायचा मला पहिल्यापासून कंटाळा. त्यातून सरकारी कागद म्हटला की माझं डोकंच फिरतं. मी अलिबागच्या हायस्कुलात मास्तर होतो. मंदीच्या वर्षांत सरकारने इन्कमटॅक्सची मर्यादा खाली आणली आणि आजवर जाळ्याच्या भोकांतून सुटणारे आम्ही मासे अलगद आत आलो. कर पगारातूनच कापला जाई. त्याबद्दल तक्रार नव्हती, म्हणजे होती, पण ऐकतंय कोण? मात्र कापून घेतल्यावर वर फॉर्म पाठवून ‘तुम्ही किती मिळवता ते लिहा’ म्हणायचं, ही मला शुद्ध थट्टा वाटली.

“अहो, ज्यानं पगार दिला त्यानंच कर कापला, त्यानंच सरकारला कळवलं,” मी मास्तरांच्या खोलीत तावातावाने बोललो. “आता मी काय निराळं सांगणार? धंदेवाल्यांना विचारा की! पगारदाराचं झाकलेलं आहेच काय?” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी मुकाट्याने फॉर्म भरले. मीही भरला.

त्यात एक प्रश्न होता. हे उत्पन्न तुमचं स्वतःचं, की एकत्र कुटुंबाचं? मी ‘स्वतःचं’ असं लिहून मोकळा झालो. पत्ता मात्र चौलचा दिला. अलिबागेतली खोली भाड्याची होती आणि घर म्हटलं की मला चौलच आठवे.

चौलला आमची सुपारीची वाडी. वडील लवकर गेले तेव्हा थोरल्या भावाने, दादाने, शाळा सोडून वाडी धरली. त्या वाडीवरच मी शिकलो. माझी बायकोही तिथेच, दादा-वहिनींजवळ असायची. शनिवारी शाळा सुटली की मी घर गाठायचो, आणि पगार झाला की तो दादाच्या हातात ठेवायचो. खर्चाला लागेल ते तो मला परत द्यायचा. यात कधी कोणी कोणाला काही विचारलं नव्हतं.

फॉर्म भरल्याला बरेच दिवस झाले होते. एका शनिवारी घरी पोचलो तर बायको वाडीच्या तोंडाशीच उभी. डोळे रडून लाल झालेले.

“तुम्ही वेगळे निघालात, आणि मला साधं सांगितलंही नाहीत?”

मला काही कळेना. ती पुढे आणि मी मागे, असे आम्ही स्वयंपाकघरात गेलो. जुन्या चुलीपासून थोड्या अंतरावर दुसरी चूल घातलेली होती. तिची माती अजून ओली होती. वहिनी तिच्यावरून सारवणाचा हात फिरवत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घडलं होतं ते असं. इन्कमटॅक्स कचेरीची नोटीस चौलला आली होती, की उत्पन्न स्वतंत्र असल्याचा खुलासा करावा. गावातल्या एका पेन्शनर पोस्टमास्तरांनी ती दादाला वाचून दाखवली आणि वर अर्थही सांगितला, तुझा धाकटा सरकारदरबारी वेगळा निघाला. आमच्याकडे वेगळं निघणं म्हणजे चूल वेगळी होणं. भावावर तोंड उघडून मागायची वेळ येऊ नये म्हणून दादाने ती आधीच घालून दिली होती.

मी ओरडलोच. “दादा, तो नुसता छापील प्रश्न आहे! सगळ्यांना विचारतात. त्यावरून घर मोडतं का?”

दादा ओटीवर सुपारी सोलत बसला होता. “प्रश्न सरकारचा,” तो म्हणाला. “पन उत्तर तर तुजंच हाय ना? पगार कोनाचा, त्ये मला सांग.”

‘घराचा’ म्हणालो असतो तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या, बायको त्यांच्यामागे. पण मला ते म्हणवेना. वर्गात ओरडून बसायचा तो घसा माझा होता, पगाराच्या दिवशी मनातल्या मनात व्हायचा तो आनंदही माझाच होता. त्या कागदाने विचारेपर्यंत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

“माझा,” मी म्हणालो. “पण मला वेगळं राहायचं नाही.”

दादा सुपारी सोलतच राहिला. संपलं, आता वाडीच्या मधून कुंपण येणार, असं मला वाटलं. मग तो वहिनींना म्हणाला, “त्या चुलीवर आंगुळीचं पानी तापव आता. घातलीच हाय, तर फुकट कशाला घालवायची?” वहिनी हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या.

मास्तरांच्या खोलीत तो वाद पुढे दरवर्षी निघे. कापलेल्या करासाठी पुन्हा फॉर्म भरायला लावणं हा उपद्व्याप आहे, असं मी अजूनही म्हणतो. पण ‘हे माझं’ असं माणसाने वर्षातून एकदा तरी आपल्या हाताने लिहावं, असंही मला वाटायला लागलं. हे मी त्या खोलीत कधी बोललो नाही, नाहीतर माझी यथेच्छ टर उडवली असती.

त्यानंतरचा पगार घेऊन घरी गेलो, तेव्हा तो खिशातून काढताना माझा हात अडखळला. नेहमीसारखा ठेवावा, की आधी काही बोलावं? दादाने ते ओळखलं.

“आतापावतर तू मला कदी काय दिलं न्हाईस,” तो म्हणाला.

मी चमकलो.

“घराचा पैसा घरात येत व्हता. त्यात देनं कसलं? आता तुजा झालाय ना? मंग दे.”

आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.