आंघोळीचे दोन रुपये

न्हाऊकाकीच्या पायांवर बाळ रडत नसे. लालबागच्या आमच्या चाळीत ती मोरीशी पाय लांब करून बसायची, तान्हं पोर नडग्यांवर पालथं घालायची आणि कोपर बुडवून पाणी बघितल्याशिवाय तांब्या उचलायची नाही. एखादं पोर रडलंच तर त्याच्या आईला दटावायची, "पोर घाबराक नाय, तू घाबारलंस." चाळीतल्या दोन पिढ्या तिने अशा घासूनपुसून काढल्या, मीही त्यातलीच. सव्वा महिना झाला की तिची ओटी भरायची, खण-नारळ द्यायचा, एवढीच रीत. पैशांचं नाव काढलं तर तिचा अपमान होईल, असं सगळ्या धरून चालल्या होत्या. तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मग गिरण्यांचा संप झाला. काकीचा नवरा गिरणीत साच्यावर कापड विणायचा, तो घरी बसला. महिन्यांमागून महिने गेले, मंगळसूत्रातले मणी तेवढे उरले, आणि एका सकाळी काकीने दारोदार जाऊन सांगितलं, "आजपासना पोराक न्हाण घालूचे रोज दोन रुपये."

चाळीने नाकं मुरडली. सगळ्यांत जास्त लागलं ते माझ्या आईला. दोघी एकाच गावच्या, सख्ख्या बहिणींसारख्या. बाबा पोस्टात असल्यामुळे आमच्या घरात पगार येत होता. आई डबाभर तांदूळ घेऊन काकीकडे गेली आणि तश्शीच परत आली. "तांदूळ घेतलंय तर उपकार झालो. पैशे घेतलंय तर काम झाला. माका काम होया," असं काकीने तिला तोंडावर सांगितलं होतं. दोघींचं बोलणं बंद झालं.

त्यातच मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, मुलगा झाला. "चार पोरां वाढवलंय, माझ्या नातवाक मी न्हाण घालतंय," आई म्हणाली. खरं म्हणजे त्या चारही पोरांना न्हाऊ घातलं होतं काकीने. मला हे माहीत होतं, तरी मी गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते.

चौथ्या दिवशी आई न्हाऊ घालत असताना बाळाच्या नाकातोंडात पाणी गेलं. त्याचा आवाजच बंद झाला आणि ओठ काळेनिळे पडले. आईने फोडलेली किंकाळी ऐकून काकी धावत आली. तिने बाळ हिसकावून हातावर पालथं घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या. एक, दोन, तीन. मी देवाचं नावसुद्धा घेऊ शकले नाही. मग बाळाने टाहो फोडला.

"उद्या आठाक येतंय," बाळ माझ्याकडे देत काकी म्हणाली. "दोन रुपये."

अशा वेळी पैसे! मला तिचा संतापच आला. आईने विचारलं, "आनि आजचे?"

"आजचे कसले? आज मी कामाक इलंय नाय."

दुसऱ्या दिवशी आठाला ती आली. आईने दूधवाल्यासाठी ठेवतात तसे दोन रुपये खिडकीत ठेवले आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली. काकीने बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली, घट्ट गुंडाळलं. मग पदराला हात पुसून नुसती बसून राहिली. खिडकीकडे तिने बघितलंही नाही.

"हातात दी गे," ती शेवटी म्हणाली.

आई हलेना. मी बाळाला थोपटत होते. बऱ्याच वेळाने आई वळली, पैसे उचलले आणि तिच्या तळहातावर ठेवले. काकीने ते कनवटीला लावले.

"आता चाय टाक. चायचे मी देवचंय नाय."

आई रडता रडता हसली.

संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. काकीचा नवरा गावी गेला. ती मात्र दादर, शिवाजी पार्कपर्यंत जाऊन बाळं न्हाऊ घालत राहिली आणि त्यावर तिने दोन्ही मुली शिकवल्या. काकी गेली त्या दिवशी तिला पोचवून आल्यावर आईने चहा टाकला. मग म्हणाली, "तिना तेवा पैशे मागले नसते, तर मी जलमभर तिका तांदूळ देत रवलंय असतंय. आनि सोताक मोठी समाजलंय असतंय."